उलट्या कुऱ्हाडीचे तीन ठोके

झाड तोडण्याआधी गफूरचाचा कुऱ्हाड उलटी धरत आणि पात्यामागच्या बोथट तुंब्यानं खोडावर तीन ठोके मारत. मग तिथंच उकिडवे बसून एक विडी ओढत. विडी संपेपर्यंत झाडाकडे नुसतं बघायचं. ढोलीतून कधी खार निघे, कधी घोरपड सावकाश खाली उतरून पालापाचोळ्यात दिसेनाशी होई. एकदा तर एक पिंगळा बाहेर आला आणि झोपमोड झालेल्या म्हाताऱ्यासारखा आमच्याकडे डोळे वटारून बघत बसला. त्या दिवशी ते झाड राहिलं. काही निघालं नाही तर चाचा खोडाला कान लावत. ठोक्याचा आवाज भरीव आला तर कुऱ्हाड सुलटी व्हायची; पोकळ आला तर चाचा उठून पुढच्या झाडाकडे जात. "बेटी, अंदर कोई रहता होयेंगा," ते म्हणत. "घर में कोई है क्या, पूछे बिना कुंडी नक्को खोलना."

मला तेव्हा हा सगळा वेळेचा अपव्यय वाटायचा. मी सतरा वर्षांची होते आणि जग बदलायला निघाले होते.

मी वाढले ती पत्रकांवर. आई मला आठवत नाही. अण्णा चळवळीत होते आणि निजामाच्या राज्यात ज्या कागदासाठी माणूस आत जाई, तसले कागद आमच्या गुलमंडीमागच्या खोलीत फडताळात, गादीखाली, पिठाच्या डब्याच्या तळाशी असायचे. रॉकेलसारखा वास येणारी ती सायक्लोस्टाइलची शाई मला अजून कुठंही ओळखता येईल. अक्षरं मी त्या कागदांवरच शिकले. अननस मी कधी पाहिला नव्हता, त्यामुळे माझा अ अन्यायाचा होता. पोलीस ॲक्शन झाली, अण्णा सुटून आले, त्यांच्या गळ्यात हार पडले. शेजारच्या बायकांनी ओवाळलं. मला वाटलं, आता अण्णा घरी राहतील. महिन्याभरात ते दौऱ्यावर गेले, आणि मग तो दौरा संपलाच नाही. मी मॅट्रिक झाले तेव्हा त्यांनी मला पिशोरच्या एसटीत बसवून दिलं. "आत्याकडे चार महिने राहा. तिला सोबत होईल, तुला हवापालट होईल. मग पुढचं बघू." माझ्या पिशवीत दोन लुगडी, एक टाक, दौत, कार्बन पेपरचा गठ्ठा आणि अण्णांची जुनी पत्रकं होती. चार महिन्यांची अडीच वर्षं झाली.

आत्या अण्णांची थोरली बहीण. चौदाव्या वर्षी विधवा झालेली. लाल आलवण, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, हाताला घट्टे. सासरच्यांनी चांगली जमीन आपसांत वाटून घेतली आणि हिला पोटगी म्हणून डोंगराच्या कुशीतली बारा एकर झाडी दिली, जिच्यात नांगर चालत नव्हता. धावडा, टेंभुर्णी, सालई, पळस, मधूनमधून साग, आणि ओढ्याकडेला पाचसहा जुने बेहडे. हिनं ती विकून टाकावी आणि भावाच्या दारी जाऊन बसावं असाच त्यांचा हिशेब असणार. आत्यानं झाडीच्या तोंडाशी दोन खणांचं मातीचं घर बांधलं आणि तिथंच राहिली. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल पुढं लिहायचं आहे त्यांची नातवंडं तिथं आहेत आणि चांगली आहेत.

त्या घरातली शांतता मला पहिले काही आठवडे अक्षरशः सोसवली नाही. औरंगाबादेत आमच्या खोलीखाली पितळी भांड्यांची ठोकाठोक चाले, अजान होई, टांगेवाले भांडत. इथं सकाळी तित्तिर ओरडायचा, मग आत्याचं जातं सुरू व्हायचं, मग तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज, आणि त्यानंतर संध्याकाळी मोर ओरडेपर्यंत काही नाही. आत्या बोलायची फार थोडं. एकवेळच जेवायची. मला मात्र ज्वारीची गरम भाकरी, अंबाडीची भाजी, वर तेल आणि ठेचा असं पुढ्यात बसवून वाढायची आणि मी खाताना भिंतीकडे बघत राहायची. चुलीत धावडाच जळायचा. धावड्याचा जाळ शांत असतो, धूर कमी, निखारा तासतासभर टिकतो. सालई तडतडते, ठिणग्या उडवते आणि लगेच विझते. एकदा मी जेवता जेवता अण्णांच्या एका पत्रकातला मजकूर आवेशानं म्हणून दाखवत होते. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मुक्ते, तू सालई आहेस गं." त्या घरात मी ऐकलेला हा बहुधा पहिला विनोद. मला राग आला होता.

मी अण्णांना दर आठवड्याला पत्र लिहीत होते. महिन्या-दीड महिन्यानं एक कार्ड यायचं. "काम फार. तुझे अक्षर सुधारले आहे." ते कार्ड मी बेहड्याखाली बसून पुन्हा पुन्हा वाचायची, जणू ओळींच्या मधे आणखी काही असेल.

झाडी राखायची आत्याची रीत साधी होती, पण ती कुठं लिहिलेली नव्हती, म्हणून मला ती रीत वाटलीच नाही. बारा एकरांचे नऊ तुकडे होते. विहिरीचा, मोराचा, घसरणीचा, अशी त्यांची नावं. दरवर्षी एकच तुकडा तोडायचा. त्या सरपणाच्या गाड्या पिशोरच्या बाजारात जात आणि त्यावर घर चाले. बाकीचे आठ वाढत राहत. नवव्या वर्षानंतर फिरून पहिला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कुऱ्हाडींची पूजा होई, थंडीत तोड होई, आणि होळीला कुऱ्हाडी धुऊन, तेल लावून आढ्याला टांगल्या जात. "कुऱ्हाड निजली," आत्या म्हणायची. चैत्रात झाडाच्या अंगात रस चढतो, तेव्हा तोडलं तर खुंट नीट फुटत नाही. खुंट वीतभर ठेवायचा, घाव तिरपा घालायचा, म्हणजे पावसाचं पाणी साचून तो कुजत नाही. पावसाळ्यात दहा-बारा फुटवे येतात, त्यांतले दोन-तीन चांगले ठेवायचे. तोडलेल्या तुकड्याभोवती दोन वर्षं बोरीच्या काट्यांचं कुंपण, कारण शेळीनं शेंडा खाल्ला की फुटवा खुजा राहतो. काही जुनी झाडं मात्र कधीच तोडायची नाहीत. त्यांच्या खोडावर गेरूचा पट्टा असे. ती कुणाची, असं मी विचारलं तर आत्या म्हणाली, "आमची नाहीत." सोमवारी आणि गुरुवारी गावातल्या बायकांनी यावं, वाळलेलं, पडलेलं सरपण न्यावं. हिरव्याला हात लावायचा नाही.

गफूरचाचा या सगळ्याचे हात होते. त्यांचे दोघं भाऊ ॲक्शननंतरच्या दिवसांत गाव सोडून गेले, बायको त्याआधीच वारली होती. ते का राहिले, असं मी त्यांना एकदा बेधडक विचारलं. ते खुंटावरची साल बोटानं चाचपत होते. "ये तुकडा फुटने का था," म्हणाले, "देख के जाऊं बोला. फिर दुसरा फुटने का टाइम आया." ते ओट्याच्या खालीच बसत. आत्या त्यांना भाकरी वरून वाढायची, पाणी वरून ओतायची. माझी पत्रकं या गोष्टीवर फार कडक होती आणि मी ते आत्याला सुनावलं होतं. 

चैत्र लागला तसा ओढ्याकडच्या मोठ्या बेहड्यावर राखी रंगाच्या, मोठ्या वाकड्या चोचीच्या पाखरांची एक जोडी येऊ लागली. त्याला धनेश म्हणतात हे मी पुष्कळ नंतर पुस्तकात वाचलं. एक दिवस मादी ढोलीत शिरली ती बाहेर आलीच नाही. ढोलीचं तोंड बुजत बुजत एक चीर तेवढी उरली. नर दिवसभर उंबराची फळं घेऊन यायचा, चोचीत एकेक वर आणून त्या चिरेतून आत द्यायचा. मी हे पाहिलं आणि माझं रक्त उसळलं.

"आत्या, त्यानं तिला कोंडलंय!"

"त्यानं नाही. तिनंच लिंपून घेतलंय आतून."

"कोण स्वतःला कोंडून घेईल?"

आत्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मला आज तो प्रश्न आठवला की कानशिलं तापतात. मी तो कुणाला विचारत होते याचं मला भान नव्हतं. ती म्हणाली, "आत गेली की तिची पिसं झडतात. उडता येत नाही. पिल्लं मोठी होईतो तो आणील त्यावर राहायचं. तो नाही आला तर संपलं." आणि मग, तिच्या मानानं पुष्कळच बोलल्यासारखं वाटून, ती उठून आत गेली. रोज सकाळी मात्र ती पाणी भरायच्या निमित्तानं ओढ्याकडे जायची आणि नर येऊन गेलेला पाहूनच घागर उचलायची.

त्याच दिवसांत काशीची गोष्ट घडली. काशी गावकुसाबाहेर राहणारी, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, मोलमजुरी करणारी. जिभेची तिखट. सोमवार-गुरुवारी आली की माझ्या हातातल्या कागदाकडे बघून म्हणायची, "ताई, लई वाचता तुम्ही. डोळं जातील, मंग नवरा कोन हुडकायचा?" एका मंगळवारी आत्यानं तिला मोराच्या तुकड्यात पकडलं. दोन वर्षांचे कोवळे फुटवे तिनं कोयत्यानं सपासप घेतले होते. तिची बहीण बाळंत झाली होती, न्हाणीला, शेकाला जाळ हवा होता.

"काकू, पानी तापवायला काडी नाय घरात."

"मग माझ्याकडे यायचंस. हे दोन वर्षांचं वाढलेलं गेलं एका घावात."

"चुकलं."

आत्यानं कोयता काढून घेतला आणि घरात खुंटीला टांगला. ते मी पाहिलं. तिनं नंतर आपल्या ओट्यावरची वाळलेल्या धावड्याची मोठी मोळी काशीच्या डोक्यावर स्वतःच्या हातानं चढवली, तेही मी पाहिलं. पण त्या दुपारी मी दौत उघडली तेव्हा माझ्या पत्रकात कोयता होता, मोळी नव्हती.

"झाडी कुणाची?" असा त्याचा मथळा होता. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हे मी आजही सांगेन. गरीब बाईला चुलीपुरतं सरपण मिळू नये आणि एका घराला बारा एकर असावेत हा अन्याय आहे, जंगल ज्यानं पेरलं नाही त्याची त्यावर मालकी नाही, झाडी गावाची आहे आणि गावानं ती घ्यावी. कार्बन लावून मी तीस प्रती काढल्या. खाली पूर्ण नाव घातलं, कारण बिनसहीचं पत्रक भित्र्याचं असतं असं अण्णा म्हणत. एक प्रत त्यांना पाठवली. बाजाराच्या दिवशी गिरणीच्या भिंतीवर, चावडीवर, चहाच्या हॉटेलात, चिंचेच्या बुंध्याला ती चिकटवून आले. परत येताना मी एकटीच चालत होते आणि कितीतरी महिन्यांनी मला एकटं वाटत नव्हतं.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मी लिहिलं होतं काशीसाठी, आणि काशीला वाचता येत नव्हतं. तिच्यासारख्या कुणालाच येत नव्हतं. ज्यांना येत होतं, त्यांच्याकडे बैलगाड्या होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी आठ गाड्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. प्रत्येकीवर तीन-चार माणसं, कुऱ्हाडी, दोरखंड. पुढं पांढरं धोतर नेसलेला एक जाडसर माणूस होता. वीटभट्टीला लाकूड पुरवायचा त्याचा धंदा होता. त्यानं खिशातून माझं पत्रक काढलं, घड्या उलगडल्या आणि आत्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. चांगलं वाचलं त्यानं. विराम पाळून. "हे खाली नाव हाय, काकू. तुमच्याच भाचीचं."

आत्या माझ्याकडे वळली. "तुझं आहे?"

"हो," मी म्हणाले. आणि त्या माणसाकडे धावले. "पण हे तुमच्यासाठी नाही! हे गरिबांसाठी लिहिलंय!"

गाड्यांवर हशा पिकला. "आता आमी काय नवाब हाय व्हय, ताई?" तो म्हणाला. "गावाची झाडी, गावानं घ्यावी, तुमीच लिवलंय. आमी गावच की."

एवढ्यात गफूरचाचा झाडीतून आले आणि फाटकाच्या आत उभे राहिले. कुऱ्हाडी आढ्याला होत्या; त्यांच्या हातात नुसती काठी होती. "होली हो गयी, मालक," ते म्हणाले. "अब झाड नै तोडते. मर जाते झाड."

मागच्या गाडीवरून एक तरणा आवाज आला. "ह्यो अजून हितंच का रं? कराचीची गाडी चुकली व्हय ह्याची?"

हसणं थांबलं. जे उरलं ते हसण्यापेक्षा वाईट होतं. ॲक्शनच्या नंतरचे ते काही आठवडे सगळ्यांना आठवत होते, आणि कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. दोघंजण गाडीवरून खाली उतरले. चाचा हलले नाहीत. मी हलू शकले नाही. माझ्या कुठल्याच पत्रकात या क्षणी काय करायचं ते नव्हतं.

आत्या चालत गेली. तिनं फाटकाची कडी काढली, फाटक स्वतः पूर्ण उघडलं आणि बाजूला झाली. "न्या," म्हणाली. मग वळून, "गफूर, घरात चला."

चाचा ओट्यापाशी थांबले, रोजच्यासारखे. आत्या म्हणाली, "तिथं नाही. आत." तिनं त्यांचा दंड धरला आणि त्यांना ओटा चढवून, उंबरा ओलांडून, चुलीजवळ नेऊन बसवलं. मला आत घेतलं आणि दाराला आतून कडी घातली.

आम्ही तिघं दोन दिवस त्या घरात बसून होतो. आत्यानं कण्या शिजवल्या, चाचांना आणि मला एकाच पंक्तीला वाढल्या, आणि कुणी जेवलं नाही. आवाज तेवढे येत होते. मी त्याआधीच्या थंडीत पुष्कळ तोड पाहिली आणि ऐकली होती, पण हे आवाज वेगळे होते, आणि वेगळे का होते ते कळायला मला बराच वेळ लागला. ठोके नव्हते. विडीभराची शांतता नव्हती. घाव पडत होते, झाड कोसळत होतं, लगेच पुढच्यावर घाव. चाचा भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेले. आवाजावरून झाड ओळखत होते. "धावडा," ते म्हणत. "टेंभुर्णी. छोटी है." दुसऱ्या दिवशी दुपारी ओढ्याकडून एक जड, पोकळ आवाज यायला लागला आणि ते उठून उभे राहिले.   मी कडी काढली आणि धावत सुटले.

मी पोचले तेव्हा बेहडा पडलेला होता. ढोली फुटली होती. गेरूचा पट्टा तसाच. राखी मादी जमिनीवर होती, उघड्या अंगाची, पंखांची पिसं झडलेली, आणि कोंबडीसारखी लंगडत फांद्यांखाली शिरायला बघत होती. अंडी फुटली होती. एक माणूस हसत म्हणाला, "आरं, ही तर उडंच ना!" मी तिला पदरात घेतलं. तिनं चोचीनं माझं मनगट फोडलं. तो वण आहे अजून. तिला घरी टोपलीत ठेवलं. चाचांनी उंबरं आणली, चोचीशी धरली. तिनं घेतली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती थंड झालेली होती.

नर मात्र येत राहिला. बेहड्याची जागा आता उघडी होती, नुसतं आभाळ. तो उंबर घेऊन यायचा, ढोली जिथं होती तेवढ्या उंचीवर पंख फडफडवत घुटमळायचा, मग बाजूच्या खुंटावर बसायचा, पुन्हा उठायचा. पाच दिवस. आत्या घागर घेऊन उभी राहायची. सहाव्या दिवशी तो आला नाही, आणि आत्या रिकामी घागर घेऊन परत आली. त्या दिवशी घरात पाणी मीच भरलं.

त्या संध्याकाळी आत्या मला म्हणाली, "ते वाच."

"काय?"

"तुझं. त्यानं वाचलं ते मी नीट ऐकलं नाही. तू वाच."

मी वाचलं. खालच्या नावापर्यंत सगळं वाचलं. आत्यानं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "यात कुऱ्हाड कधी निजते ते नाही," ती म्हणाली. "कुंपण नाही. खुंट किती ठेवायचा ते नाही." तिनं थोडा विचार केला. "तू म्हणतेस ते असेल खरं. झाडी एकटीची नसेल माझी. पण ज्याला द्यायची, त्याला राखायची कशी ते सांगशील का नाही?" मग ती उठली, खुंटीवरचा काशीचा कोयता काढला आणि माझ्या हातात दिला. "देऊन ये."

अण्णांचं कार्ड पंधरा दिवसांनी आलं. "पत्रक वाचले. आवेश उत्तम. शाबास." मी ते चुलीत टाकलं. त्यांना मी काय झालं ते कधीच लिहिलं नाही, आणि त्यांनी कधी विचारलं नाही.

पावसाळ्यात आम्ही बारा एकरांना कुंपण घातलं. आत्या, चाचा, मी, आणि कोयता परत दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी न बोलावता आलेली काशी. बोरीचे काटे ओढून माझे तळवे सुजले. काशी म्हणाली, "ताई, शाईचे हात हायेत ते, काट्याला लाजतात." खुंट जमिनीसरशी, कसेही तोडलेले होते, चाचांनी एकेक तासून तिरपा केला. श्रावणात ते रोज सकाळी खुंटाखुंटापाशी थांबत. निम्म्याहून जास्त फुटलेच नाहीत. जे फुटले त्यांच्यापुढं ते बसून राहत, विडी न पेटवता. खंडेनवमीला आत्यानं कुऱ्हाडी खाली उतरवल्या. हळदकुंकू मी वाहिलं, कारण तिनं वाहायचं नव्हतं. "यंदा कुठला तुकडा?" चाचांनी रिवाजाप्रमाणे विचारलं. आत्यानं बाहेर पाहिलं. "कुठलाच नाही," म्हणाली, आणि धार न लावता कुऱ्हाडी पुन्हा वर टांगल्या. पूजेच्या पाटावर माझा टाकही होता. मी ठेवला नव्हता. आत्यानं तो उचलून मला दिला. "हा वर नको टांगू. काशीला अक्षरं शिकव."

आता मी छत्रपती संभाजीनगरात पडेगावच्या रस्त्याला एका तिसऱ्या मजल्यावर राहते. खाली ट्रक दिवसभर जातात. एकटीच असते. पत्रकं मी पुढंही लिहिली, पुष्कळ लिहिली, काहींपायी आतही गेले. अन्याय बघून गप्प बसायला मी कधी शिकले नाही, शिकायचंही नव्हतं. पण कुणाच्या दारावर गेले की अजून तीन टकटक करते आणि थांबते. पलीकडून कुणी येईपर्यंत, किंवा कुणी येणार नाही हे कळेपर्यंत. अलीकडं दुसरंच जास्त होतं.

काशी वाचायला शिकली. वर्ष-सव्वा वर्ष लागलं. मी जायच्या आदल्या दिवशी ती ओट्यावर बसली होती. गफूरचाचा खाली नव्हते, तेही ओट्यावर होते, भिंतीला टेकून. तिला वाचायला काही नवं हवं होतं, आणि माझी सगळी बोचकी बांधून झालेली होती. तळाशी राहिलेली पत्रकाची एक प्रत तिनं स्वतःच शोधून काढली. मी अडवलं नाही. बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत, मधे मधे थुंकी गिळत तिनं ते वाचायला घेतलं. अर्धा तास लागला असेल. आत्या दारात येऊन उभी होती. शेवटच्या ओळीवर काशीचं बोट थांबलं, मग मागं गेलं, वर, पहिल्या परिच्छेदापर्यंत.

"ताई, ही जी गरीब बाई हाय, जिचा कोयता घेतला, ही कोन?"

"तू," मी म्हणाले.

ती कागदाकडे बघत राहिली. रागावली नाही. कुणाला तरी ओळखायचा प्रयत्न करावा तशी बघत होती.

"मी?" ती म्हणाली. "मला तर कुनी इचारलंच नाय."